गार्डच्या डब्याचं वजन

मुलुंडच्या मालधक्क्यावर त्या दिवशी एकूण अकरा वाहनं उभी होती. वाफेची दोन इंजिनं, विजेचं एक, उतारूंचे तीन डबे, मालाचे चार आणि सगळ्यांच्या शेवटी, रुळांतल्या वजनकाट्यावर, गार्डचा एक. मी दोनदा मोजली. १४ एप्रिल १९५६, शनिवार. रेल्वे सप्ताहातला उत्सव होता. कागदी पताका होत्या, उसाच्या रसाचा चरक होता आणि कुठल्याशा शाळेचं बँडपथक उन्हात बसून घाम पुसत होतं.

एरवी अशा ठिकाणी मी दिवसभर पाय मोडेपर्यंत हिंडलो असतो. इंजिनांचे आणि डब्यांचे नंबर वहीत टिपायचा नाद मला सातव्या वर्षापासून आहे. बी.एस्सी. झालो, कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर झालो, तरी सुटला नाही. पण दोन आठवडे प्रॅक्टिकल परीक्षांनी जीव दमला होता आणि आज मी एकाच डब्यासाठी आलो होतो. सोबत माझी थोरली बहीण, कुंदाताई होती.

"हाच का रे?" तिनं विचारलं.

"हाच. सहा तीन एक सात."

"नक्की?"

मी वही उघडून दाखवली. अकराव्या वर्षीचं माझं अक्षर होतं. १५ एप्रिल १९४४, कुर्ला, मालगाडी, गार्डचा डबा ६३१७. त्या पहाटे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान श्यामसुंदर, त्या गाडीचे गार्ड म्हणून याच डब्यात चढले. मला हात केला. गाडी वाटेत कुठंही न थांबता कल्याणला पोचली तेव्हा डब्यात कंदील होता, तांब्यात निम्मा चहा होता, गार्डची पेटी होती. भावोजी नव्हते. आठ दिवस रूळ पायी धुंडाळले. टोपीसुद्धा सापडली नाही.

उद्या त्याला बारा वर्षं पूर्ण होत होती. बेपत्ता माणसाची वाट बारा वर्षं बघायची, मग पळसाच्या पानांच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत. भावोजींचे धाकटे बंधू जयवंत रात्रीच्या गाडीनं पुण्याहून येणार होते. भटजी सकाळी सातला. देठ घाटकोपरला आमच्या स्वयंपाकघरात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. मी ते मोजले होते.

"उद्या कुंकू पुसायचं ते पुसेन मी," येताना गाडीत ताई म्हणाली होती. "बारा वर्षं लोकांना उत्तरं देऊन तोंड दुखलं माझं. पण जिवंत माणसाला जाळलं असं नको व्हायला. तू सायन्सवाला ना? मला एवढंच सांग, आहेत की नाहीत?"

"ताई, ते मोजायचं यंत्र नाही आमच्याकडे."

"मग काय शिकवता रे मुलांना?"

मुलुंडला उतरल्यावर मी फलाटावरच्या वजनाच्या यंत्रात एक आणा टाकला होता. ही सवय भावोजींनी लावलेली. दर रविवारी ते लवंग चघळत मला घेऊन जात, दोघांचं वजन करत आणि कार्डं मी वहीत चिकटवत असे. त्यांचं शेवटचं कार्ड अजून आहे, १४० पौंड. आज माझं ११८ भरलं. ताईला बळेच चढवलं, तिचं १०२.

"बघ, हवा आली तर उडून जाईन," ती म्हणाली होती.

वजनकाट्याच्या खोलीत धोंडू नावाचे साठीचे गृहस्थ होते. मालवणी माणूस, खाकी कोट, कानावर पेन्सिल. उत्सवासाठी लोकांना काटा दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं, पण लोक सगळे इंजिनाकडे होते.

"येवा मास्तर. डब्याच्या बाजूक काय रंगवलेला आसा, वाचा."

डब्यावर रिकामं वजन पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, बारा टन. धोंडूंनी दांडीवरचं वजन सरकवलं. काट्याची एक खूण अठ्ठावीस पौंडांची. दांडी समतोल झाली ती बारा टनांच्या वर पाच खुणांवर.

"रिकामा आहे ना?"

"रिकामोच. ह्यो असोच. बारा वर्सां बघतंय. कारखान्यात नेलो, फळये बदलले, चाकां बदलली, आकडो नवो रंगवलो. पाच खुणा काय उतरणत नाय."

"काट्यातच चूक असेल."

"मग बाकीच्या डब्यांचा बरोबर कसा भरता?" ते हसले. "तुमी शिकलेली माणसा. सांगा तुमीच."

पाच गुणिले अठ्ठावीस म्हणजे एकशे चाळीस. मी वहीत लिहिलं आणि खाली कारणं लिहिली. लाकडात मुरलेलं पाणी. तळाला साठलेलं वंगण. सांध्यांत बसलेली कोळशाची भुशी. तिन्ही पटण्यासारखी होती. ताई खिडकीतून बघत होती. तिनं वहीतला आकडा वाचला.

"आत जाऊन येऊ का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

धोंडूंनी मान हलवली. "जावा की. तीन पायऱ्यांचो जिनो लावलेलो आसा."

मी आधी आत जाऊन पाहिलं. एक कंदिलाची कडी, हातब्रेकचं चाक, दोन माणसं बसतील एवढं वेताचं बाकडं. घासलेटचा वास, आणि त्याखाली लवंगेचा. बाकड्याचा वेत डाव्या बाजूला खोल खचलेला होता. मी तिथं हात ठेवला. वेत गरम लागला. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलमध्ये लागणारच. उजव्या बाजूलाही हात ठेवून पाहिला. तिथला वेत गार होता.

मी खाली उतरलो. खरं सांगायचं तर मी ताईला अडवायला हवं होतं, पण मला आकडा हवा होता. ती चढल्यावर काटा किती सरकतो ते बघितलं की काट्याची चूक कळली असती. मी खोलीत गेलो. दांडीपाशी उभा राहिलो.

ताई चढली. धोंडूंनी वजन सरकवलं. पाच खुणांच्या वर साडेतीनपेक्षा किंचित जास्त. १०२ पौंडांना तेवढंच हवं. काटा बरोबर होता.

डबा खिडकीपासून दहा फुटांवर होता. ताई बाकड्याच्या उजव्या कडेला अंग चोरून बसली होती, शेजारी जागा ठेवून. पदरानं मान पुसत होती. बँड थांबला होता.



मग ती बोलली. हळू, पण मला स्वच्छ ऐकू आलं.

"श्यामसुंदर," ती म्हणाली, "फार दमले आता. घरी चला."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. उखाणा सोडला तर तिच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. पोलीस आले तेव्हासुद्धा नाव सांगायला तिनं मला पुढे केलं होतं. उद्या ते नाव गोत्रासकट भटजी घेणार होते.

ती उठली.

जिन्याची एकेक पायरी उतरली. तिसरी करकरली. चढताना करकरली नव्हती.

खोलीत दांडी धाडकन खाली आली. धोंडूंनी वजन मागे घेतलं. आणखी मागे. आणखी.

बारा टन. वर एकही खूण नाही.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि हातातच धरली.

"मास्तर," ते म्हणाले, "बाईंच्या वांगडा कोण उतरला?"

"कोणी नाही. मी बघत होतो. एकटीच उतरली."

"होय. मीय बघी होतंय."

त्यांनी पुन्हा वजन केलं. मी तिसऱ्यांदा करायला लावलं. बारा टन. मग त्यांनी खिडकी लावून घेतली आणि मला म्हणाले, "जावा आता. काळोख पडायच्या आत घर गाठा."

धक्क्यापासून स्टेशन चार फर्लांगांवर. ताई तीनदा थांबली. वाटेवर कोळशाची बारीक भुशी पसरली होती. मागे वळून पाहिलं तेव्हा माझ्या बुटांचे ठसे दिसत होते आणि शेजारी तिच्या चपलांचे. तिचे खोल होते. मी बोट घालून पाहिलं. माझ्या ठशात नखाएवढं गेलं, तिच्यात पहिल्या पेरापर्यंत.

"काय शोधतोस रे जमिनीत?"

"काही नाही. बरं वाटतंय ना तुला?"

"पाय जड झालेत. पोटऱ्या भरून आल्यात." ती हसली. असं हसताना मी तिला फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "पण बरं वाटतंय. आधी तार ऑफिसात जाऊ."

"कशाला?"

"जयवंतना तार करायची. निघू नका म्हणून."

"ताई, उद्या सातला भटजी..."

"भटजींना मी सांगेन. पळसाचे देठ चुलीत घाल. तू म्हणत होतास ना, मोजायचं यंत्र नाही? आता नको मोजूस. पुरे झालं."

तार केली. मीच फॉर्म भरला. कारण काय लिहू, असं विचारलं, तर म्हणाली, "काही लिहू नको, फक्त रद्द लिही."

फलाटावर गाडीला अकरा मिनिटं होती. बाकावर आम्ही दोघं बसलो. ताईनं माझ्या आणि स्वतःच्या मध्ये जागा सोडली. दुपारभर उन्हात उभं राहून माझं डोकं ठणकत होतं. समोर वजनाचं यंत्र होतं. लवंगेचा वास येत होता.

मी उठलो आणि एक आणा टाकून आधी स्वतः उभा राहिलो. यंत्र सकाळपासून बिघडलं नव्हतं याची खात्री हवी होती. कार्ड पडलं. ११८.

"ताई, ये ना."

"पुन्हा? सकाळीच झालं की."

"एकदाच."

"भारी हट्टी रे तू. त्यांनीच लाडावून ठेवलंय तुला," असं म्हणत ती उठली, पदर सावरला आणि फळीवर चढली. फळी खाली दबली. मी दुसरा आणा टाकला. आत चाकं फिरली, थांबली आणि कार्ड खाली पडलं.

मी ते उचललं.

२४२ पौंड.