डोळे भरायची राहिलेली तसबीर

केजच्या बसस्थानकामागच्या गल्लीत 'आश्रुबा पेंटर' ही पाटी अजून आहे, पण पाटीखाली आश्रुबा आता नुसते खुर्ची टाकून बसतात. डोळ्यांच्या पडद्याच्या दुखण्यानं त्यांची नजर खाल्ली. समोरचं काही दिसत नाही, मान वाकडी केली की कडेचं थोडं दिसतं. म्हणून ते आल्यागेल्याकडं तिरक्या मानेनं बघतात आणि नव्या माणसाला वाटतं, म्हातारा भारी आखडू आहे. तसे ते आहेतही.

गेलेल्या माणसाची तसबीर करावी तर आश्रुबांनीच, असा एक काळ होता. मतदान कार्डावरच्या भुरकट फोटोवरून ते जितंजागतं माणूस उभं करायचे. त्यांची रीत मात्र वेगळी. दुकानात सगळं चित्र पुरं करायचं आणि बुबुळं तेवढी सोडायची. तेराव्याला त्या घरी जायचं, घरदार समोर बसवायचं, बारीक ब्रश हातात घ्यायचा आणि हळू आवाजात विचारायचं, "बोला. कोणाकडं बघायचं?" कुणी म्हणे दाराकडं, कुणी म्हणे धाकट्याकडं. सांगतील तिकडं नजर ठेवून ते डोळे भरायचे आणि चहालाही न थांबता निघायचे.

त्यांची मुलगी सायली पुण्यात वेबसाइट बनवायचं काम करते. या उन्हाळ्यात ती रजा टाकून आली ती दादांच्या चित्रांची वेबसाइट करायचीच असं ठरवून.

"माझी वेबसाइट?" आश्रुबा म्हणाले. "मलाच दिसंना, आन् लोकं काय बघणार?" पण दुसऱ्या सकाळपासून त्यांची टुमणी सुरू. "सिरसाळ्याच्या ताराबाईच्या मालकाच्या मिशा नीट घेतल्यास का? लई मेहनत हाय त्या मिशांत."

खरं तर वेबसाइट हे निमित्त होतं. आतल्या खोलीत सायलीच्या आईची, वनिताची तसबीर होती. सायली पाळण्यात असताना ती गेली. केसांचा भांग, कानातली फुलं, ओठाजवळचा तीळ, सगळं जागच्या जागी. डोळ्यांच्या ठिकाणी दोन कोऱ्या जागा. गावभर डोळे भरणाऱ्या माणसाचा हात स्वतःच्या घरात चालला नव्हता. "कोणाकडं बघायचं, ते सांगाया घरात होतं कोण?" असं ते एकदाच बोलले होते. आता तर हातही थरथरायचे. त्या कोऱ्या डोळ्यांखाली सायली जेवली, अभ्यास केला, मोठी झाली. आईनं एकदा तरी आपल्याकडं बघावं, एवढंच तिला हवं होतं.

कामात अडचण आली ती बुबुळांचीच. दुकानात काढून ठेवलेले चित्रांचे फोटो सगळे डोळ्यांवाचून. सायलीनं घरोघरी फोन लावून भिंतीवरच्या तसबिरींचे फोटो मागवले. ते आले, पण काचेवर उजेड पडलेला, हार आडवा आलेला. डोळे तेवढे स्वच्छ. मग तिनं ते डोळे कापून घेतले, दुकानातल्या फोटोंत बसवले आणि सगळ्यांच्या नजरा सरळ समोर केल्या. पडद्यावर तसंच बरं दिसतं. नेकनूर, सिरसाळा, केज अशी गावागणिक पानं लावली. दादांना यातलं काही सांगितलं नाही; उगाच कटकट कशाला!

साइट सुरू झाली आणि नेकनूरच्या राधाकिशनचा फोन आला. "ताई, दादांना इचारा बरं. मायच्या फोटोचा रंग कच्चा होता का? डोळे फिक्के पडलेत."

"ऊन लागत असेल भिंतीला," सायली म्हणाली. तिला ते पटलंही.

मग सिरसाळ्याच्या ताराबाईंचा फोन. म्हातारी म्हणाली, "आमचे मालक दाराकडं बघायचे गं. आता बघंनात."

"बघंनात म्हणजे?"

"डोळेच न्हाईत, बाई."

म्हातारपणी दिसत नसेल नीट, असं मनाशी म्हणून सायलीनं फोन ठेवला. पण राधाकिशनला तिनं तसबिरीचा फोटो पाठवायला सांगितलं. उरलेलं काम आजच उरकून टाकू, असं तिनं ठरवलं. उरलं होतं एकच चित्र.

आईचा एकच फोटो होता, त्यात फ्लॅशनं तिचे डोळे मिटलेले. पण सायलीला लहानपणापासून सगळे सांगत आले होते, डोळे अगदी वनिताचे. दुपारी ती खिडकीशी उभी राहिली, फोननं स्वतःचा फोटो काढला, त्यातले डोळे कापले आणि आईला बसवले.

आईनं बघितलं. सरळ तिच्याकडं, ओळखीनं. सायली टेबलावर डोकं टेकून हमसून रडली. मग चित्र साइटच्या पहिल्या पानावर लावलं.

तेवढ्यात राधाकिशननं फोटो पाठवला. 'काच तशीच हाय, चौकट तशीच हाय,' असं खाली लिहिलं होतं. सायलीनं फोटो मोठा केला. बुबुळं नव्हती. खरवडल्याची खूण नाही, डाग नाही. ब्रश कधी लागलाच नव्हता असे कॅनव्हासचे कोरे धागे.

"कोणाचा फोन येतोय सारखा?" आश्रुबा दारात येऊन उभे होते.

तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चिडले नाहीत, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"ज्याच्या त्याच्या घरातून काढून आणलेस?"

"हो."

"आन् वनिताचे? ते कुठून आणलेस?"

सायलीनं लॅपटॉप ओढला. काढून टाकू, सगळंच काढून टाकू. साइटमध्ये शिरायला आधी फोनला चेहरा दाखवावा लागायचा. तिनं फोन उचलला.

'चेहरा ओळखता आला नाही. डोळे उघडा.'

तिनं डोळे ताणले. फोन उजेडात धरला.

'डोळे उघडा.'

खोली धूसर झाली होती. लॅपटॉपवर आई बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "जरा माझ्याकडं बघा."

आश्रुबा जवळ आले. मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले. मग ओला रंग तपासावा तसा अंगठा त्यांनी तिच्या पापणीखाली अलगद टेकवला.

भिंत चाचपत ते रंगांच्या फळीपाशी गेले. डबा उघडल्याचा आवाज झाला. बारीक ब्रश हातात घेऊन ते परत आले आणि तिच्यासमोर बसले. हात अजिबात थरथरत नव्हता.

"बोल बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "कोणाकडं बघायचं?"