ब्रेकवरचा पाय

रंगनाथ मिस्तरी ही गोष्ट रात्री गॅरेजवर पोरांना सांगतात. 'माझ्या ओळखीचा एक पोरगा होता,' अशी सुरुवात करतात. माझं नाव घेत नाहीत. तो पोरगा मी. सांगताना माझी लाज राखायला ते एक गोष्ट गाळतात. ती मी लिहितो.

मार्चची सव्वीस तारीख, बुधवार. रात्री साडेनऊला मी ट्रक घेऊन पोखर्णी रोडला मिस्तरींकडे गेलो. काम साधं होतं. रात्री ट्रक उभा केला की सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या असायच्या. रोज दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू करावा लागायचा.

ट्रक महारुद्रदादाचा, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा. एक्केचाळीस दिवसांपूर्वी पालमहून येताना रात्री त्याची गाडी रस्त्यात बंद पडली. लाइटही गेले. मागच्यांना दिसावं म्हणून तो मोबाइलचा उजेड करून ट्रकमागं उभा राहिला. टेम्पोनं उडवलं. जागेवर गेला.

त्याच दिवशी सकाळी शेतात जाताना तो मला म्हणाला होता, "योग्या, डायनामोचा पट्टा ढिला वाटायलाय. मिस्तरीकडून कसून आण." मी मित्राच्या गाडीवर बसून सेलूला गेलो. दुपारी त्याचा फोन आला, तेव्हा म्हणालो, "कसून आणला, दादा." ट्रक दारातून हललाही नव्हता. संध्याकाळी तो माझ्या शब्दावर निघाला.

मनिषावहिनी रोज एकच विचारते, "चांगली गाडी बंद पडलीच कशी?" मी ताटावरून उठतो.

मिस्तरींनी तपासून एकदा म्हणावं, पट्ट्याचं काही नव्हतं, दुसरंच काही होतं. एवढ्यासाठी मी गेलो होतो.

"काय योगीराज, बॅटऱ्यांला उपाशी निजवतो का काय रे?" मिस्तरी हसले. बॅटऱ्यांची झाकणं काढून त्यांनी पाणी बघितलं, मीटर लावला. "बॅटऱ्या ठणठणीत हायत. चालू कर."

चालू केला. चार्जिंग बरोबर होतं. मग ते म्हणाले, "मोठे लाइट लाव." लावले. पट्टा किंचाळला. मीटरचा आकडा सरकन खाली आला. गाडी बंद करायला सांगून त्यांनी अंगठ्यानं पट्टा दाबला. तो दोन बोटं आत गेला.

"लाइट लावले की चार्जिंग मरायलंय," ते म्हणाले. "ह्यो लय दिवसांपासून ढिला हाय. रात्रीच्या वाटंला बॅटरी किती पुरंल? महारुद्रला कळलं न्हाई व्हय?"

मी त्यांच्या हातात पाना दिला. त्यांनी पट्टा कसला.

"पण उभ्या गाडीत बॅटरी उतरती, ते ह्याच्यानं न्हाई. कुणीतरी रात्रभर करंट खायलंय."

त्यांची पद्धत अशी. बॅटरीची एक केबल सोडायची आणि मध्ये बल्ब जोडायचा. गाडी बंद असताना बल्ब पेटला, म्हणजे कुठंतरी करंट चाललाय. मग एकेक फ्यूज काढायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, तिथं चोर.

बल्ब पेटला. मंद.

मी केबिनमध्ये चढून एकेक फ्यूज काढत गेलो. "गेला का?" "न्हाई." "आता?" "न्हाई रे. पुढचा काढ." टेपचा काढला. हॉर्नचा काढला. शेवटी ब्रेकलाइटचा काढला. सगळे फ्यूज रुमालात बांधले. दार उघडं राहिलं तर केबिनचा दिवा पेटतो, मिस्तरींना ती शंका होती. म्हणून पलीकडचं दार आतून लावलं, ड्रायव्हरच्या बाजूनं उतरलो, कुलूप लावलं. किल्ली खिशात.

बल्ब तसाच होता. मंद.

आम्ही दोघं बॅटरीपाशी उकिडवे बसलो. रस्त्यावर गाडी नव्हती. अकरा वाजून गेले होते.

अचानक बल्ब लख्ख झाला.

मिस्तरींनी वर न बघता म्हटलं, "ब्रेकवरचा पाय काढ रे."

"मिस्तरी... मी हितं हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मागं. ट्रकमागची भिंत लाल झाली होती. ब्रेकलाइट पेटले होते. त्यांचा फ्यूज माझ्या हातातल्या रुमालात होता.

भिंत काळी झाली. बल्ब मंद.

पुन्हा लाल. पुन्हा काळी.

पुन्हा लाल...

निघायच्या आधी दादा ब्रेक तीनदा दाबून बघायचा. कायम. मिस्तरींना ते ठाऊक होतं. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. गार होता.

केबिनच्या काचेत काही दिसत नव्हतं.

मी उठलो. मिस्तरी ओढत होते. मी ओरडलो.

"दादा! पट्टा मी कसला न्हवता. खोटं बोललो. मी सेलूला गेल्तो..."

लाल उजेड तसाच राहिला. किती वेळ, सांगता येत नाही.

मग सगळं विझलं. बल्बसुद्धा.

मिस्तरींनी दोन्ही केबली सोडून जमिनीवर टाकल्या. रात्रभर बाजेवर बसून राहिलो, ट्रककडं तोंड करून. पहाटे कधी डोळा लागला, कळलं नाही.

ही गोष्ट सांगताना मिस्तरी माझं ओरडणं गाळतात. बाकी सगळं सांगतात. सकाळचंही.

सकाळी ड्रायव्हरच्या दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात. केबली जमिनीवर, टाकल्या तशा. पलीकडचं दार, ज्या बाजूला मी लहानपणापासून दादाशेजारी बसत आलो, त्याची बाहेरची मूठ दोन वर्षांपूर्वीच तुटली आहे. ते फक्त आतून उघडतं. स्टिअरिंगवर बसलेल्यानं आडवं होऊन, हात लांब करून उघडावं लागतं.

ते दार सताड उघडं होतं.