फुलाबाईंची भाकरी का मोडली?

तिसरी भाकरीही तव्यावर टाकताना मधोमध दुभंगली, तेव्हा मात्र निकिता चपापली. पहिली तिची होती, दुसरी तिच्या धाकट्या भावाची, सूरजची. त्या मोडल्या याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. पण तिसरी खुद्द फुलाबाईंनी थापली होती!

निकिताच्या घरचे सुट्टीत चिपळूणहून कन्हेरीला आले होते, फुलाबाईंच्या शेतावर राहायला आणि चुलीवरचा स्वयंपाक शिकायला. पिठलं जमलं, ठेचा तर झकास झाला. ज्वारीच्या भाकरीपाशी मात्र घोडं अडलं.

पाहुण्यांची व्यवस्था फुलाबाईंचा पुतण्या विजयसिंह बघायचा. मोबाइल कानाला लावूनच तो चुलीपाशी आला. तुकडे बघून म्हणाला, की काकींचं वय झालं, आता हात राहिला नाही. उद्यापासून बारामतीहून स्वयंपाकी बोलावतो; पाहुण्यांनी नुसतं जेवायचं, शिकवणं वगैरे बंद.

फुलाबाई परातीतलं पीठ उगाच इकडून तिकडे सारत राहिल्या.

तो गेल्यावर निकिताने हळूच विचारलं, "आजी, असं कशानं होतं?"

"पीठ जुनं झालं की त्याची विरी जाती. मग किती बी मळा, चिकटून ऱ्हात न्हाय. पर ह्ये तर विजयनं कालच दळून आणलंय. म्हंजी माजा हातच गेला म्हणायचा."

निकिताला हे पटेना. प्रयोग फसला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, असं तिच्या विज्ञानाच्या बाई सांगत. इथे गोष्टी तीन होत्या. तिने त्या बोटांवर मोजून दाखवल्या: हात, पाणी आणि पीठ.

"मग आधी काय बदलायचं? आजी?" सूरजने विचारलं.

"तुलाच बदलू," मोना म्हणाली. ती फुलाबाईंची नात, निकिताच्याच वयाची. ती उठली आणि शेजारच्या सारजाकाकूंकडून वाटीभर ज्वारीचं पीठ घेऊन आली. हात तेच, आधणाचं पाणी तेच, तवाही तोच. भाकरी अलगद तव्यावर उतरली आणि विस्तवापाशी धरताच टम्म फुगली.

म्हणजे हात शाबूत होते. खोट पिठात होती. पण कालच दळलेलं पीठ एका रात्रीत जुनं कसं होईल? विजयकाकांना विचारलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं, हे मोनाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिघं सरळ गिरणीकडे निघाली.

गिरणी गप्प होती. महिपतीतात्या बाहेर बाकड्यावर बसले होते. परवाच पट्टा तुटला, नवा अजून यायचाय, असं त्यांनी सांगितलं. आत दळणाचे डबे रांगेत ताटकळत होते. त्यांतल्या एका हिरव्या डब्यापाशी मोना थांबली. झाकणावर आजीचं नाव होतं. तिने झाकण काढलं. आत मोत्यांसारखी अख्खी ज्वारी होती.

"विजयराव काल ठेवून गेल्यात," तात्या म्हणाले. "पट्टा बसला की निरोप धाडतो म्हणलं."

तात्यांना विचारून मुलांनी डबा उचलला आणि आळीपाळीने धरत घरी आणून चुलीमागे लपवला. सगळे जेवायला जमले तेव्हा निकिता विजयसिंहकडे गेली.

"काका, आजीचं पीठ कुठल्या गिरणीतलं? आईला घरी न्यायला हवंय."

"आपल्या महिपतीतात्यांच्या. काल संध्याकाळीच दळून आणलं की."

सूरजने डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं. "मग ही ज्वारी काय पेरायला ठेवलीय?"

विजयसिंहने मोबाइल खिशात ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच! मग खरं काय ते बाहेर आलं. गिरणी बंद दिसली, सकाळी पाहुण्यांचा वर्ग ठरलेला. म्हणून पाहुण्यांना विकायला ठेवलेल्या पिठाच्या, दिवाळीपासून पडून असलेल्या पिशव्या त्याने घरातल्या डब्यात रिकाम्या केल्या होत्या.

"पीठ ते पीठ, असं वाटलं मला," तो ओशाळून म्हणाला. "काकी, खरंच माहीत नव्हतं."

"आन् माजा हात गेला, ह्ये कसं माहीत हुतं रं तुला?"

विजयसिंहने सगळ्यांसमोर बारामतीला फोन लावला आणि स्वयंपाक्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

गिरणी बंद असली तरी अंगणात फोटोसाठी मांडलेलं जातं होतं. फुलाबाईंनी ते धुऊन, पुसून घेतलं आणि पुतण्याला खुंट्यापाशी बसवलं. समोर सूरज बसला. थोड्याच वेळात काका घामाघूम झाले, तेव्हा निकिताचे बाबा सरसावले, मग आई. जेवण लांबलं, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

ताज्या पिठाची पहिली भाकरी फुगली तशी फुलाबाईंनी मुलांना जवळ बोलावलं.

"सकाळधरनं मी माज्या हातालाच बोल लावत हुते. तुमी पिठाला इचारलंत. लई शानी हायसा पोरांनो."

निकिताची आई कौतुकाने बघत होती. एवढ्यात फुलाबाईंची नजर निकिताच्या परातीतल्या भाकरीकडे गेली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कड जाड ऱ्हायलीय," त्या म्हणाल्या. "मोड ती. परत थाप."