दादाचे दोनशे बारा बुकमार्क

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात गोल फिरवून उंच करायच्या दोन खुर्च्या होत्या. एक ताईची, दुसरी तिच्या दादाची. दादाला जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी ताई त्याच्या खुर्चीवर साधं फडकंही ठेवत नसे.

मशीन खोलायला तिला दादानंच शिकवलं. जुन्या मशीनींची माहिती तो इंटरनेटवर हुडकून काढायचा, ते पान ब्राउझरमध्ये बुकमार्क करायचा आणि त्याचं नाव बदलून तिथं आपली सूचना लिहायचा. ‘गधडे, हा स्क्रू उलटा फिरतो.’ ‘गधडे, तेल दोनच थेंब. आंघोळ घालू नकोस.’ त्याच्या बोलण्यातलं एवढंच आता तिच्यापाशी उरलं होतं.

म्हणून कॉम्प्युटरवाला “हा ब्राउझर मोडीत निघाला, ताई, नवा टाकू,” म्हणाला तेव्हा तिनं आधी तेच विचारलं.

“बुकमार्क येतील ना सगळे?”

“दोन मिनिटांचं काम.”

त्यानं बुकमार्कची एक फाइल काढली, जुना ब्राउझर उडवला, नव्यात ती फाइल घातली, ‘२१२ बुकमार्क आले’ ही ओळ दाखवली आणि तो गेला. बुकमार्क आले होते खरे, पण घर बदलताना भांडी यावीत तसे, सगळे एकाच खोक्यात. काहीतरी चुकलं असेल म्हणून ताईनं फाइल पुन्हा घातली. मग आणखी एकदा. आता प्रत्येक सूचना तीन-तीनदा दिसू लागली. ही कटकट नकोच म्हणून तिनं फाइल पुसली आणि जास्तीचे बुकमार्क निवडायला बसली. निवडता निवडता सगळेच निवडले गेले, आणि बोट नेमकं डिलीटवर पडलं.

यादी रिकामी झाली. ताई दुकान लवकर बंद करून घरी गेली आणि दादा गेला त्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली.

सकाळी ब्राउझर उघडला तर यादी जागेवर होती. फोल्डरसुद्धा दादानं लावले होते त्याच क्रमानं.

“असं आपोआप परत येत नाही हो, ताई,” कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला. “नीट बघा.”

तिनं नीट बघितलं. दोनशे तेरा होते.

दोनशे तेरावा तिच्या ओळखीचा नव्हता. ‘गधडे, हिरव्या मशीनला हात लावण्याआधी प्लग काढ.’

दुपारी पडदे शिवणारी बाई एक हिरवं मशीन घेऊन आली. “चालू-बंद होतंय,” म्हणत तिनं स्वतःच प्लग लावला. ताईचा हात झाकणाकडे गेला आणि थांबला. तिनं प्लग काढला, मग झाकण उघडलं. आत उघडी पडलेली वायर पत्र्याला टेकली होती.

बाई गेल्यावर ताई दादाच्या खुर्चीकडे वळली. “उपकार झाले रे, दादा,” ती मोठ्यानं म्हणाली. तिला भीती वाटली नाही. पाठीशी कुणीतरी आहे एवढंच वाटलं, आणि फार बरं वाटलं.

त्यानंतर अधूनमधून एखादा बुकमार्क वाढायचा. त्यात सांगितलेलं मशीन दोन-चार दिवसांत दारात यायचं. ताई रोज आधी यादी बघायची, मग ‘उपकार’ म्हणायची, मग शटर पूर्ण वर करायची.

आज एक नवा होता.

‘उपकार’ म्हणून झालं, आणि मग तिनं तो वाचला.

त्यात गधडे नव्हतं. तिच्या मुलीचं लाडकं नाव होतं. छकुली दुसऱ्या गावी राहायची, आईपेक्षा वीतभर बुटकी, सुईत दोरा ओवायचाही तिला कंटाळा.

‘छकुले, घाबरू नकोस. सगळं वर लिहून ठेवलंय. आईची खुर्ची तेवढी उंच करून घे.’

ताई दादाच्या खुर्चीकडे वळली.

“तिलाही असंच सांभाळ रे,” ती म्हणाली.

मग ती उठली आणि आपली खुर्ची तिनं दोन आटे वर फिरवली.