पेन्सिलीची भोकं

"ही भोकं मावशीने पाडलेलीच नाहीत!" बेनेदिता बशीवर वाकून ओरडली.

"हळू बोल गं! त्या मिशाळ्याने ऐकलं तर आपल्याला हाकलेल," तिचा धाकटा भाऊ तोमे कुजबुजला.

ईस्टरची सुट्टी होती. आई दिवसभर कालव्याकाठच्या हॉटेलात कामाला. म्हणून ही दोघं आणि शेजारचा एदसों पोर्तुगालमधल्या आवैरोच्या विद्यापीठात, दुल्से मावशीच्या प्रयोगशाळेत पडीक असायची. मावशी बशीत एक पातळ द्रव ओतायची. तो जेलीसारखा गोठायचा आणि सुकून त्याची चकती व्हायची. काचेसारखी आरपार दिसणारी, तरी वाकवली तर वाकणारी! जांभळ्या दिव्याखाली धरली की ती निखाऱ्यासारखी लाल पेटायची. पण सुकण्याची घाई केली की संपलं! म्हणून मावशी बशीवर मेणाची फिल्म ताणून तिला सुईने बारीक भोकं पाडायची. ओल हळूहळू बाहेर पडायची.

तरी चकत्यांना तडे जात होते. एकीला, दुसरीला, तिसरीला! "दुल्सेच्या हातालाच गुण नाही," असं प्रयोगशाळेचे प्रमुख, सदा मिशांना पीळ देणारे प्रोफेसर मोर्गादो सगळ्यांदेखत म्हणाले होते. उद्या लिस्बनच्या पाहुण्यांसमोर पुन्हा तडा दिसला, तर मावशीची नोकरी जाणार होती.

बशा दोन होत्या. एकीवर सुईची भोकं होती. दुसरीवर मात्र...

"ही पेन्सिलीने भोसकलीत!" बेनेदिता म्हणाली. "कुणीतरी फिल्म भोसकतं आणि तडा गेला की ती काढून बारीक भोकांची नवी चिकटवतं, म्हणून कुणाला कळत नाही."

"कानावर कायम पेन्सिल कोणाच्या असते?" एदसोंने विचारलं.

मोर्गादो! येईल त्याला लाल उजेड स्वतःचा शोध म्हणून दाखवत मिरवणारे मोर्गादो! मावशी गेली की तो त्यांचाच होणार होता.

मावशीने ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले. "गप्प बसा. ते प्रोफेसर आहेत. पुरावा काय?"

मोठी माणसं अशीच! खरं कळलं तरी आधी खुर्चीकडे बघतात. बेनेदिताचं डोकं सणकलं. "पुरावा हवाय ना? देते!"

मावशीच्या कपाटात एक फुटकी चकती होती. ती लाल नाही, हिरवी उजळायची. तशी दुसरी अख्ख्या प्रयोगशाळेत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हातमोजे, चष्मे चढवून तिघांनी ती खलात कुटली. चांगली बशी कपाटात दडवली आणि पेन्सिलवालीच्या फिल्मवर पूड भुरभुरली. साध्या उजेडात काही म्हणजे काही दिसेना!

मावशी आली. टेबलावर एकच बशी पाहून थबकली, बेनेदिताकडे बघितलं आणि आपल्या कामाला लागली.

दुपारी प्रयोगशाळेला पैसे पुरवणाऱ्या पाहुण्या सेकेराबाई आल्या. मावशीने ट्रेमधून बशी आणली.

"पाहा, पुन्हा तडा!" मोर्गादो लांबूनच म्हणाले. "मी सांगितलंच होतं!"

"सर, आज तुम्ही ही बशी उघडलीत?" दारातून बेनेदिताचा आवाज आला.

"ए पोरी! मी कशाला हात लावू? आणि तुला इथे कुणी बोलावलं?"

"कुणीच नाही. तरी आलेय! एदसों, पडदे!"

अंधार झाला. बेनेदिताने जांभळा दिवा लावला. मोर्गादोंच्या कानावरची पेन्सिल हिरवी चमकली. बोटं हिरवी. आणि मिशा! पीळ दिलेल्या दोन्ही मिशा काजव्यांच्या शेपट्यांसारख्या हिरव्यागार!

"अरे बापरे! मिशांना पालवी फुटली!" तोमे किंचाळला. सेकेराबाईंना हसू आवरेना.

"ही हिरवी पूड आम्ही आज सकाळी फक्त या फिल्मवर टाकली होती," बेनेदिता म्हणाली. "आणि ही बघा तुम्ही न उघडलेली!"

दडवलेली बशी दिव्याखाली आली. चकती लालभडक पेटली. एकही तडा नव्हता.

"शाबास रे पोरांनो!" सेकेराबाई म्हणाल्या. "दुल्से, तुझी नोकरी कुठे जात नाही. माझा शब्द."

मोर्गादोंनी रुमालाने मिशा पुसल्या. "हुशार आहेत हो मुलं."

"आमचं कौतुक राहू द्या," बेनेदिता म्हणाली. "आधी मावशीची माफी मागा. सगळ्यांदेखत. बोल लावलात तेव्हाही सगळेच होते!"

तोमेने तिची बाही ओढली. ती हलली नाही.

मोर्गादोंचा चेहरा आता लाल झाला होता आणि त्याला दिवा लागला नाही. "दुल्से... चूक माझी होती. माफ कर."

मावशीने मान हलवली. नवी बशी घेतली, फिल्म ताणली आणि सुई बेनेदिताच्या हातात ठेवली.

"भोकं तू पाड," ती म्हणाली. "तुझ्या हाताला गुण आहे."