भाकड म्हशींचा पान्हा

डॉक्टर पद्मजाच्या हाताची तबेलेवाल्यांना भारी धास्ती. गाभण जनावर कापायचं नाही, अंगावर पिणारं लहान पिल्लू असलेलंही कापायचं नाही, असा कायदा. तो पाळायचा तर कत्तलीआधी जनावरांच्या डॉक्टरने खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मागून हात घालायचा आणि गर्भाशय चाचपायचं. त्यात बाई कधी चुकली नव्हती. निदान त्या दुपारपर्यंत तिला तसं वाटत होतं.

गोरेगावच्या शिवदासने आपल्या तबेल्यातल्या भाकड म्हशी अंधेरीपलीकडच्या एका खाजगी कत्तलखान्यात पाठवल्या होत्या. पहिली पद्मजाने तपासली. काही लागलं नाही. पास केली, आणि चंदू खाटीक तिला आत घेऊन गेला.

दुसरीत हात घातला तर बोटांना खूर लागला. दिवस भरत आलेल्या रेडकाचा. जिवंत आहे का पाहायला तिने सवयीने चिमटा घेतला. खूर झटकन मागे गेला.

"ही गाभण आहे. बाजूला काढा."

वरिष्ठ डॉक्टर नंदकुमार शेजारीच होते. त्यांनीही हात घालून पाहिला. "काहीच नाहीये गं. बरी आहेस ना?"

तिने पुन्हा चाचपलं. रिकामी! अगं बाई, हे काय? ती तिसरीकडे वळली. तिथे तोच खूर, चिमटा घेताच तसाच मागे जाणारा. सरांनी पाहिलं तर तीही रिकामी.

"सर, ते... सरकतंय. एकीतून दुसरीत."

"वेड लागलंय का तुला?" सर म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

इतक्यात चंदू बाहेर आला. "मॅडम, ती पहिली... तिची गर्भाची पिशवी पाण्याने भरलेली निघाली. वार पण आहे. पण आत रेडकूच नाय."

पद्मजाने आपल्या हातमोज्याकडे पाहिलं. म्हणजे आपण गाभण म्हैस मारायला दिली? की हात फिरला तेव्हा खरंच काही नव्हतं? डोकं चालेना. तेवढ्यात दुधाचा ऊन, गोडसर वास आला. कित्येक महिने थेंब न दिलेल्या त्या म्हशींच्या सडांतून दूध टपकत होतं. एकीचा सड तर कुणी चोखावा तसा खाली ताणला गेला होता. चुटूचुटू आवाज येत होता. मग तो सुटला, आणि शेजारणीचा ताणला गेला.

"यांच्या अंगावर पिल्लू आहे, सर. कायद्याने कापता येत नाहीत."

"अगं, पण पिल्लू कुठंय?"

"ते मला नका विचारू..."

सरांनी वाद घातला नाही. उरलेल्या म्हशी ट्रकमध्ये परत चढवल्या. फळी लावण्याआधी पद्मजाने स्वतः आत डोकावून पाहिलं. म्हशींशिवाय काही नव्हतं.

संध्याकाळी शिवदासचा फोन आला.

"मॅडम, म्हशी पोचल्या. पण हे रेडकू कशाला पाठवलंत?"

"कसलं... रेडकू?"

"आत्ताच जन्मल्यासारखं आहे, ओलंच अजून. एकेका म्हशीला तोंड लावतंय आणि सोडतंय. सारखं ट्रककडे पळतंय. त्याची आई तिकडंच राहिली ना?"

पद्मजाने वळून पाहिलं. आत चंदू फरशी धुवत होता.

"हॅलो, ऐकताय ना? दिलं बसवून ट्रकमध्ये, निघालाय ड्रायव्हर. आईजवळ सोडा तेवढं."