होडीघराच्या वळणावरचं रडणं

असल्या गोष्टी अंधार पडल्यावरच सांगाव्यात म्हणतात. आमच्याकडे, या पार उत्तरेला, त्याची पंचाईत नाही. अंधार पडून चार दिवस झाले, आता जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य काही तोंड दाखवायचा नाही. तेव्हा बसा. कॉफी ज्याची त्याने ओतून घ्या. हान्का, तू खिडकीपाशी नको बसूस, इकडे ये... काही नाही गं, वारं लागतं तिथे.

तुम्ही सहा महिन्यांसाठी शिकायला आलात ना, तशीच ती आली होती. इरिया नाव. पोर्तुगालची, पार दक्षिणेकडची. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आत्ता हान्का माझ्याकडे राहते त्याच खोलीत राहायची, म्हणून हे सगळं मला तिच्याच तोंडून कळलं. थोडं गुन्वोरकडून कळलं. माझ्या पदरचं काही घालत नाही.

गुन्वोर म्हणजे आमच्याकडची घरोघर फिरणारी नर्स. बाळंतिणींपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत तीस वर्षं सगळ्यांचं तीच बघत आलेली. इरिया तिच्या हाताखाली होती. पोरगी कामाला चोख, पण सूर्य गेला तशी मिटत चालली. जेवण नको, झोप नाही. तिकिटाची चौकशी करू लागली. गुन्वोरच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "जा की! पण परीक्षेत काय लिहिशील? अंधार होता, म्हणून रुग्ण दिसले नाहीत?"

इरिया हसली नाही. पण राहिली.

दिवस होता दोन डिसेंबर दोन हजार चौदा. मंगळवार. थंडी उणे चौदा, वारा नाही. गुन्वोर गाडी घेऊन खाडीच्या पलीकडे गेली होती, आणि खाडीच्या टोकाला राहणाऱ्या रिस्तेनच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते, आठवड्याच्या गोळ्या लावून द्यायच्या होत्या. अडीच किलोमीटर वाट. इरिया म्हणाली, मी जाते. माझ्या दारात ती बर्फावरून घसरत जाणारी, पोलादी पट्ट्यांवरची ढकलखुर्ची उभी असते ना, तीच घेऊन निघाली. खुर्चीत औषधांची पिशवी, कपाळाला दिवा, एका पायाने ढकलत.

रिस्तेन नव्वद वर्षांची. आमच्या सामी लोकांतली, म्हणजे इथल्या मूळच्या रहिवाशांतली, लग्न न केलेली, एकटी. जीभ अशी की पोस्टमनसुद्धा पत्रं फाटकातूनच टाकायचा. तिच्या घरात रेडिओ दिवसभर ठणाणा करत असायचा. इरियाला वाटायचं म्हातारीला ऐकू येत नाही. पण त्या दिवशी इरियाच्या हातून एक गोळी जमिनीवर पडली, आणि रिस्तेन मागे न वळता म्हणाली, "स्टोव्हखाली गेली बघ."

"आजी, एवढे चांगले कान आहेत, मग रेडिओ इतका मोठा कशाला?"

"माझं घर, माझा रेडिओ. तू थेंब घाल."

इरियाने थेंब घातले, गोळ्या लावल्या, माशाचं सूप गरम करून दिलं. निघताना म्हातारीने तिचा हात धरला. कधी धरत नसे.

"थांबू नकोस वाटेत," म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती निघाली. दुपारचे तीन. घड्याळात दुपार, बाहेर काळोख.

वाट खाडीच्या कडेकडेने जाते. रिस्तेनच्या घरापासून थोडं पुढे एक वळण आहे, तिथे जुनं होडीघर आणि वर खडकाचा उतार. त्या वळणावर तिला आवाज आला. तान्ह्या मुलाचा.

तुमच्यापैकी कुणी काय केलं असतं मला माहीत नाही. ती नर्स होणार होती. उणे चौदात उघड्यावर तान्हं मूल म्हणजे किती मिनिटं, हे तिला पाठ होतं. तिने ढकलखुर्ची टाकली आणि कमरेएवढ्या बर्फातून उतार चढायला लागली. हाका मारत होती. आवाज खडकाच्या फटीतून येत होता. तिने हातमोज्यांनी बर्फ उकरला. खाली दगड. नुसता दगड.

आणि रडणं उजवीकडून यायला लागलं.

तिने फोन काढून गुन्वोरला लावला. "होडीघराच्या वळणावर कुणीतरी बाळ टाकलंय! मला सापडत नाहीये! पोलिसांना सांगा, गाडी घेऊन या!"

"अगं, कोल्हा असेल. कोल्ही अशीच—"

गुन्वोर थांबली. फोनमधून तिलाही ऐकू येत होतं.

"इरिया," ती म्हणाली. आवाज एकदम खाली. "उकरू नकोस. रिस्तेनचं घर जवळ आहे. तिथे जा. मी निघालेच."

"पण बाळ—"

"ते बाळ आज टाकलेलं नाही, पोरी. जा."

फोन बंद झाला. इरिया उभी राहिली. रडणं पण थांबलं.

मग तिच्या पायाशी सुरू झालं. बर्फाच्या आत.

ती धावली. खुर्ची तिथेच राहिली. कपाळावरचा दिवा हलत होता, वाट दिसत होती, नव्हती. मागे रडणं. जवळ नाही. लांबही नाही. ती थांबली की तेही थांबायचं. ती निघाली की...

रिस्तेनच्या खिडकीत उजेड होता. दार उघडंच होतं. आत रेडिओ बंद. म्हातारी खुर्ची दाराकडे वळवून बसलेली.

"ऐकलंस," ती म्हणाली.

 इरियाने दार लावून त्याला पाठ टेकली.

"माझंच आहे ते," रिस्तेन म्हणाली. जणू दारातल्या लाकडांविषयी बोलावं तशी. "लढाई संपत आली, जर्मनांनी घरं जाळली ते साल. सगळ्यांना बोटींत कोंबून दक्षिणेला नेत होते. आम्ही बारा जण होडीघरावरच्या खडकात लपलो. मी वीस वर्षांची. सगळ्यांना सहावा महिना म्हणून सांगितलं होतं, होता नववा. कुणाचं, ते विचारू नकोस. रात्री बाळंत झाले. पहाटे खालच्या वाटेने सैनिक आले. आणि ते रडायला लागलं."

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"बारा जण होते," ती पुन्हा म्हणाली. "सैनिक गेले. हात काढला, तेव्हा..."

तिने तो हात मिटला.

 मग म्हणाली, "आमच्यात नाव न ठेवता गेलेलं लेकरू रडत राहतं. नाव ठेवलं की निजतं. एवढंच असतं. कुणीही ठेवू शकतं."

"मग सत्तर वर्षं... आजी, तुम्ही का नाही ठेवलंत?"

"नाव ठेवलं असतं तर ते माझं झालं असतं."

त्याच वेळी बाहेर पायरीपाशी आवाज आला. हळू. रडून रडून थकलेलं मूल कण्हतं तसा. इरियाच्या पाठीमागे. फळीच्या पलीकडे.

 इरिया म्हणाली, "मी ठेवू नाव?"

"नाही."

रिस्तेन उठली. दोन वर्षांत ती आधाराशिवाय उठलेली नव्हती. भिंत धरून आली. इरियाला हाताने बाजूला केलं.

"आजी, नको..."

तिने दार उघडलं.

काळोख. थंडी पाण्यासारखी आत आली. पायरीवर काही नव्हतं. इरियाने पाहिलं, दिव्याचा उजेड पाडून पाहिलं. काही नव्हतं. पण आवाज तिथेच होता, पायरीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर...

रिस्तेन खाली वाकली. ओठ हलले. आपल्या भाषेत एकच शब्द. इरियाला तो ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला.

रडणं थांबलं.

नंतर जी शांतता झाली, तशी मी जन्मात ऐकली नाही, असं इरिया म्हणायची.

गुन्वोर अर्ध्या तासाने पोचली. म्हातारी उंबऱ्यात बसलेली, इरियाने तिला घोंगड्यात घट्ट धरलेलं, दार सताड उघडं. दोघींनी तिला आत नेऊन निजवलं.

रिस्तेन त्यानंतर सात आठवडे जगली. रेडिओ पुन्हा लावला नाही. ज्या वळणावर लहानपणी आम्हाला मोठी माणसं हात धरून पळत न्यायची, तिथून मी त्यानंतर शंभरदा गेलो असेन. काही नाही. इरियाने तिकीट काढलं नाही. सहा महिने पुरे केले, रिस्तेनच्या मातीला उभी राहिली, मगच घरी गेली.

काय म्हणालास? भास? असेल बाबा. गुन्वोरलाही फोनमध्ये भास झाला असेल.

पण जायच्या दिवशी मी तिला बसपर्यंत पोचवायला गेलो होतो. बस दिसायला लागली तेव्हा तिने मला आणखी एक सांगितलं. पुढे गुन्वोरला विचारलं, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली. नाही मात्र म्हणाली नाही.

नाव ठेवलं त्या संध्याकाळी दोघींनी म्हातारीचे कपडे बदलले. वरचा लोकरीचा सदरा काढला. आतला सुती सदरा ओला होता. छातीपाशी, दोन्हीकडे सारखे दोन डाग. इरियाला वाटलं, सूप सांडलं. गुन्वोरने बोट लावलं. नाकाशी नेलं. मग सदरा इरियापुढे धरला. इरियाने हात लावून पाहिला.

कोमट होतं.

नव्वद वर्षांच्या त्या बाईला पान्हा फुटला होता.